तिरकी कमान

रेल्वेला नाकासमोर जायचं होतं.
ओढा तिरपा होता,
आणि ओढ्याकाठची वाट ओढ्याचंच ऐकणारी.

पेनसिल्व्हेनियातल्या त्या खोऱ्यात
गॉटलीब हुन्सिकरने सहा घोड्यांचा गाडा
वाटेत उभा केला आणि जर्मनमध्ये
एवढंच सांगितलं : हा इथे वळत नाही.
कंपनीच्या माणसाने टोपी काढली,
पुन्हा घातली.
मग ठरलं, पूलच वाकड्यात शिरेल.

सरळ कमान सोपी असते.
दगडांचे थर पायाशी समांतर,
एकावर एक, घडीच्या चादरींसारखे.
तिरक्या कमानीत असं रचलं
तर दोन कोपऱ्यांचा भार
पायाला चुकवून हवेत उतरतो,
आणि हवा काही धरत नाही.

ऑरिन व्हिटलसी, इंजिनियर, वय पंचवीस,
याने सगळं कागदावर काढलं होतं.
पाथरवटांनी कागद उलटा धरला,
सुलटा धरला, दगडाखाली ठेवून दिला.

त्या रात्री नुआला कडिही रश्शासाठी
सलगम चिरत होती.
तिच्या हातातलं अर्धं फिन्टनने उचललं,
आतून कोरलं,
दोन्ही तोंडं तिरपी छाटली,
आणि चाकूच्या टोकाने पाठीवर
रेघा ओढल्या, सरळ नाहीत,
वळत वळत चढणाऱ्या,
दोरीला पीळ असतो तशा.
अकरा जणांनी ते हातोहात फिरवलं.
प्रत्येकाने आत अंगठा घालून पाहिला.
म्हातारा डिनीन म्हणाला, हं.

मग सात महिने टाकीचा आवाज.
एकाही चिऱ्याला गुण्या लागेना.
प्रत्येक दगड जरासा मान वळवलेला,
शेजाऱ्याशी बोलता बोलता
पलीकडे कुणी हाक मारल्यासारखा.

नोव्हेंबरात खालचा लाकडी साचा काढला.
सगळे लांब उभे. व्हिटलसी सगळ्यांत लांब.
कमान नखाएवढी खाली बसली.
थोडा चुना सांडला.
ओढ्यातलं बदक उडालंसुद्धा नाही.

पगार दीड महिना थकलेला.
फिन्टनने त्या संध्याकाळी
फळीवरचं ते सुकलेलं सलगम
मीठ लावून खाल्लं.
कागद व्हिटलसीबरोबर ओहायोला गेले,
पुढे कुठे, कुणास ठाऊक.

आता वरून गाडी जात नाही.
रूळ उचलून भंगारात दिले,
लाकडी स्लीपर कुणाकुणाच्या बागेत
वाफ्यांना कड म्हणून बसलेत.
सुंभ गेला.
पीळ आहे तिथेच आहे.

दर दोन वर्षांनी काउंटीची डार्लीन स्ट्रंक
शिडी आणि छोटा हातोडा घेऊन येते.
ठोकते, कान देते.
दगड टणक बोलतात,
एक सोडून, उत्तरेकडचा, तळापासून चौथा,
जो ओल्या खोकल्यासारखा वाजतो.
गेल्या खेपेलाही तो तसाच वाजला होता.
तिने त्यावर निळ्या खडूने फुली केली,
मग थोडा वेळ हातमोजा काढून
तळवा टेकवून उभी राहिली.
हे काही फॉर्मवर नसतं.

फॉर्मवर रकाना आहे : मूळ आराखडे.
ती लिहिते : उपलब्ध नाहीत.

तेवढ्यात शाळेची पिवळी बस आली.
ड्रायव्हर इथे नेहमी भोंगा वाजवतो,
मुलं सांगतात म्हणून.
आवाज या तोंडातून आत शिरतो, कमानीवर चढतो,
आणि दुसऱ्या बाजूने निघतो तेव्हा
जरा बाजूला वळलेला असतो,
हुन्सिकरच्या जुन्या शेताकडे,
जिथे या वर्षी मका आहे.