काजाएवढं

सतरा वर्षं मी फाट्यावर पंक्चर काढतो.
बाभळीला टांगलेला जुना टायर, हीच माझी पाटी.
हवा आत जाऊ द्यायची, माघारी येऊ द्यायची नाही,
वालचं काम एवढंच.
मला वाटायचं, वालबद्दल मला कोणी काही शिकवू नये.

पंचफुला तेव्हा भिंतीला उशी लावून
बसल्या बसल्या झोपायची.
आडवी झाली की छातीवर कोणी ओलं पोतं ठेवते, म्हणायची.
पऱ्हाटीच्या दुसऱ्याच तासाला धाप,
विहिरीवरून पहिल्याच गुंडाला धाप.
एकदा खोकली, तर पदरावर गुलाबी फेस.
तिनं पदर दुमडला.
मी चेन बसवत होतो, चेनच बसवत राहिलो.

"तुह्यात रक्त कमी हाय, पालक खात जाय," मी.
"बाहेरचं असन," शेजारीण.
मनगटात काळा दोरा आला, तो मळून पांढुरका झाला.

वर्ध्याची डॉक्टरीण मडावी, आमच्या पुतणीच्या वयाची.
पडद्यावर राखी रंगाचं काही फडफडत होतं,
अर्धवट उघडणारं.
"हे दार," ती म्हणाली. "दोन बोटं जातील एवढं असावं.
बाईंचं सदऱ्याच्या काजाएवढं राहिलंय.
रक्त पुढं सरत नाही, फुफ्फुसात तुंबतं.
झोप कुठून येणार?"

मग तिनं हृदयाचं सोडून घशाचंच विचारलं.
पंचफुलाला आठवायला वेळ लागला.
"नऊ वर्साची असन मी. घसा धरला होता.
मंग गुडघा सुजला, तो उतरला तं दुसरा.
मायनं निरगुडीनं शेकलं. बरं झालं मंग."
डॉक्टरीण लिहायची थांबली.
"बरं झालं नव्हतं," म्हणाली. "आत जाऊन बसलं होतं."

सव्वीस वर्षं बसलं होतं.
त्यात आमचं लग्न आलं, दोन बाळंतपणं आली,
आणि मी तिला आळशी म्हणालो ते दिवसही.

"बदलून नाही टाकता येत का?" मी विचारलं.
बाजारात वाल पाच रुपयाला मिळतो, हे मी बोललो नाही.
"येतो. पण आधी फुगा.
मांडीच्या शिरेतून नळी वर न्यायची,
फटीत फुगा फुगवायचा, लगेच उतरवायचा.
चिकटलेल्या पाकळ्या सुटतात."
मी माझ्या हातांकडे पाहिलं.
इतकी वर्षं हवा भरली,
एवढी मोजून कधी भरली नाही.

ती जागीच होती, नंतर तिनं सांगितलं.
"एक घडी सारं बंद पडलं,
लाइन गेल्यावानी. मंग आली."

तिसऱ्या रात्री घरी ती उताणी झोपली,
हात पसरून, घोरत.
मी मात्र उठून उठून पाहत होतो.

आता दर एकवीस दिवसांनी सुई.
टपरीच्या पत्र्यावर खडूनं रेघ मारतो,
पावसात पुसते, पुन्हा मारतो.
दहा-पंधरा वर्षांत दार परत चिकटू शकतं,
मग छाती उघडून नवा वाल, जन्मभर रक्त पातळ करायच्या गोळ्या,
हेही डॉक्टरणीनं सांगून ठेवलंय.
मला ते पटलं.
पंक्चर काढलेली ट्यूब मी कधी नवी म्हणून विकली नाही.

फक्त एक खोड लागली आहे.
शाळेतली पोरं हवा भरायला येतात,
एखाद्याचा आवाज बसलेला ऐकू आला की
पंप खाली ठेवतो.
"कायचा घसा हाय रे तुहा? किती दिवस झाले?
दवाखान्यात दाखव. गोळ्या अर्ध्यात सोडू नको, समजलं?"
पोट्टे हसतात. सायकलवाला अन् घसा!
हसू द्या.
त्या दिवशी त्या पोराची हवा फुकट.