दुसरा हात

बिटको चौकातल्या दुकानात
शेडकार्ड पंख्यासारखं उघडून
शलाकानं सगळे जांभळे नापास केले.
"यात द्राक्षाचा नाहीये."
हा काय गं, द्राक्षाचाच तर आहे.
"हा धुतलेल्या द्राक्षाचा.
वेलीवर असताना वर ती पांढुरकी लव असते ना,
तसा."
दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं,
मी शेडकार्डाकडे.

निरूला एक भिंत काळी हवी होती.
का, तर दिवा घालवल्यावर
ती आधीच तयार असेल.

आहिरेकाकू जिन्यात म्हणाल्या,
पोरांचं काय ऐकता, उद्या वेगळंच मागतील.
मागतील. खरंय.
मी कधी काही मागितलंच नाही.
लग्न होऊन आले तेव्हा खोलीला पिस्ता रंग होता,
दर पाच वर्षांनी तोच पुन्हा देतो आम्ही.

मी प्रेसमध्ये, तपासणीला. अठरा वर्षं.
कागद समोर येतो, डोळा फिरतो.
शाईचा ठिपका, सरकलेली रेघ,
केसाएवढा ओरखडा.
बाजूला.
मला विचारायला कुणी थांबत नाही,
डोळा परस्पर हाताला सांगतो.
घरी आल्यावर हा डोळा
चपलांसारखा दाराशी काढून ठेवता येत नाही.

युनूसभाई देवळालीगावाहून सायकलवर आले.
लांबी भरली, घासली, प्रायमर मारला,
चार डबे एकात एक ओतत
लव असलेलं द्राक्ष जवळजवळ गाठलं.
काळ्या भिंतीला फळ्याचा रंग सुचवला.
पहिला हात त्यांनी दिला
आणि ब्रश पोरांपुढे धरला:
"दुसरा हात तुमचा.
मी फक्त वरचं बघतो, जिथं तुम्ही पुरत नाही."

खिडकीतून जेलची लांब भिंत दिसते.
निरूनं ब्रश थांबवून विचारलं,
"आतल्या लोकांना विचारलं होतं का, कुठला रंग?"
युनूसभाईंनी रोलर निथळवला,
पुन्हा निथळवला.

मग ओघळ. मग ओघळांवर बोटं.
स्विचबोर्डाला जांभळी मिशी,
शलाकाच्या वेणीचा शेंडा फरशीभर फिरलेला,
तिच्या उंचीशी सगळ्या भिंतींवर एक डुगडुगती सीमा,
तिच्यावर युनूसभाई, तिच्याखाली ही दोघं.
मी दारात उभी, हाताची घडी घालून.
घडी यासाठी, की हात सुटू नयेत.

पलंग कुठे, हेही त्यांनीच ठरवलं.
तिरपा. भिंतीला कुठेच न टेकता.
मी म्हटलं, बरं.

पण खिडकीखाली निरूनं
उरलेल्या काळ्यानं काहीतरी काढलं होतं.
सहा पाय, एक शिंग, पोटात चाक.
बैल म्हणावा तर दिवे होते,
बस म्हणावी तर शेपूट.
दोन रात्री मी ते पाहिलं.
तिसऱ्या रात्री ती झोपल्यावर
डब्याचं झाकण चमच्यानं उचकटलं
आणि अलगद, कडा न दिसता, फिरवला रोलर.
कामात मी चांगली आहे.

सकाळी शलाका दात घासता घासता थांबली.
तोंडात फेस तसाच.
"आई, तू रिजेक्ट केलंस?"
शब्द प्रेसमधला.
मीच कधीतरी आणला असणार घरी,
डब्यातून, रिकाम्या डब्यातून.

मी काळा डबा काढला, ब्रश धुऊन दिला,
निरू, पुन्हा काढ ना रे, तसंच.
तो म्हणाला, "आता ते गेलं."
रागानं नाही. गाडी सुटल्यावर
फलाटावरचा माणूस सांगतो, तसं.
आणि गोट्या रंगांप्रमाणे लावायला बसला.

त्या खोलीत आता सगळीकडे बोटं आहेत,
ब्रशचे केस चिकटलेत, फुगे आलेत,
आणि खिडकीखाली दोन वीत जागा
गुळगुळीत, एकसारखी, कुठेही बोट ठेवता न येणारी.
डोळा रोज तिथेच अडकतो.

पलंग सरकवू का थोडा, मी विचारलं,
झाकलं जाईल.
शलाका वहीतून वर न बघता म्हणाली,
"नको. असू दे.
दिसू दे."