सर्वनाम

पुस्तकात तुम्ही 'त्या' आहात, ठकूबाई.
त्या सुईण होत्या. प्लेगात सगळं नाशिक रानात झोपड्या घालून राहिलं,
त्या तांबट आळीतून हलल्या नाहीत.
आठ वर्षं मी असंच लिहीत आले.

मग पालिकेच्या जुन्या पगारपत्रकावर
तुमचा अंगठा सापडला.
कारकून चहाला गेला तेव्हा
त्यावर माझा टेकवून पाहिला.
केवढासा तुमचा!

त्याच दप्तरात ती तक्रार:
'सुईण ठकू दुप्पट पैसे मागते.
न दिल्यास उंबऱ्यावर बसून राहते.'
झेरॉक्स काढली, कुणाला दाखवली नाही.

त्या आठवड्यात गोदेला पूर.
दुतोंड्या मारुतीच्या गळ्याशी पाणी,
पुलावर बघ्यांची गर्दी,
आणि मी पिशवी छातीशी धरून उभी.
सोडला असता कागद, पण मूळ प्रत कपाटात होती.

तू एक्केचाळिसाव्या वर्षी गेलीस.
मी अठ्ठावन्नची.
कठड्याशी तोंडातून निघून गेलं,
अगं, घेतलेस का गं दुप्पट?
आणि घेतलेस तर
बरं केलंस.

तक्रार पान दोनशे सातवर घातलीय.
खाली एका वाक्यात 'तू' राहून गेलं होतं.
मुद्रितशोधकाने
लाल शाईने 'त्या' केलं.