पावतीपुस्तक

खाकी कोट अजून आहे. दोन बटणं गेलीत.
पावतीपुस्तकही आहे, म्हणजे त्याचं एक पान.
कार्बनची शाई निळसर फुटलीय, तरी वाचता येतं:
ताबावा, गिदान कुका. गाओची फांदी, एक.
दंड दोन हजार फ्रँक.
खाली सही माझी.

तेव्हा कायदा असा होता,
झाड कुणाच्याही शेतात उगवो, ते सरकारचं.
आणि सरकार म्हणजे, त्या पंचक्रोशीत तरी,
मी आणि माझी फटफटी.

मग लोक काय करणार?
बाजरी पेरायच्या आधी कुदळ घेऊन निघत
आणि कोंब बोटभर असतानाच छाटून टाकत,
सरकारचा व्हायच्या आत.
बुंधे जमिनीबरोबर झाले. वाळू मोकळी धावू लागली.
एका साली तीनदा पेरणी झाली, तीनदा
वाऱ्याने अंकूर कापून नेले विळ्यासारखे.
मुळं तेवढी खाली राहिली.
मुळांची पावती फाडता येत नव्हती.

आम्ही तालुक्याच्या रस्त्याला कडुनिंब लावत होतो.
समुद्रापलीकडून आलेलं झाड, सोशिक, गुणी,
सावली देतं, दात घासायला काडी देतं,
त्याच्याबद्दल वाईट बोलणार नाही मी.
पण शेळी त्याला तोंड लावत नाही.
त्याला टँकरने पाणी घातलं आम्ही
आणि गाओला दंड.

गाओचं सगळं उलटं.
आभाळ भरून येतं, रान हिरवं व्हायला धावतं,
तेव्हा हा पानं टाकून उभा, राखाडी, मेल्यासारखा,
आणि बाजरीला सगळं ऊन सोडतो.
मग मार्चात, विहिरीचा दोर पुरत नाही,
गाठ मारून दुसरा जोडावा लागतो,
तेव्हा हा हिरवागार.
साहेबांनी एकदा विचारलं होतं, हे झाड आजारी आहे का?
मी म्हणालो होतो, असेल.

कायदा बदलल्याचं मला पत्राने कळलं.
ताबावाला कुणी कळवलं नाही, तिने वाटही पाहिली नव्हती.
बुंध्याला वीस धुमारे फुटत,
ती उकिडवी बसून सतरा कापायची, तीन ठेवायची,
त्यांना जुन्या लुगड्याची लाल चिंधी बांधायची,
म्हणजे नांगऱ्याला दिसावं,
मेंढपाळाला दिसावं,
आणि मला दिसू नये, हे तिने नंतर सांगितलं.

निवृत्तीनंतर सात वर्षांनी गेलो.
शेतात एकेचाळीस गाओ. मी मोजले, सवय जात नाही.
एकाची फांदी ताजी तोडलेली, पांढरी जखम.
ताबावा म्हणाली, साबिऊने नेली रात्री. फाडतोस का पावती?
आणि हसली, दातच नाहीत तिला.
त्याची सून बाळंत झालीय.
चाळीस दिवस दोन वेळा कढत पाण्याने न्हाऊ घालायचं,
एका फांदीत काय होतंय?
मी म्हटलं त्याला, चोरासारखा येऊ नकोस,
चुकीची फांदी तोडलीस. उद्या ये, बरोबर कुठली ते दाखवते.

मी खिशातून दोन हजार काढून तिच्यापुढे धरले.
तिने घेतले. मोजले. मला वाटलं होतं नको म्हणेल.
तेव्हा, ती म्हणाली, दोन हजारात करडू यायचं.
आता करडाचा पाय येतो.
बाकीचं कधी देतोस?

शेळ्या खाली पडलेल्या शेंगा खात होत्या,
नारिंगी, कानातल्यासारख्या वळलेल्या.
सावली अंगावर होती
आणि मला कोट काढावासा वाटला, काढला नाही.
दुसऱ्या खिशात फक्त पुस्तक होतं.
तिने ते हातात घेतलं, उलटं धरून चाळलं,
वाचता येत नाही तिला.
कागद बरा आहे, म्हणाली, वाळलेला आहे.
साबिऊच्या घरी चूल लवकर पेटत नाही.

दिलं.
फक्त तिचं पान आधी फाडून घेतलं.
का, ते तिने विचारलं नाही.
पावती मात्र आता माझ्या नावाची आहे, असं मला वाटतं,
आणि दंड अजून भरून झालेला नाही.