फळ धरेपर्यंत

गोरेवाड्याच्या मागल्या उतारावर
भाद्रपद सरता सरता
कुसळी गवतात गुडघाभर उंचीचं
पांढऱ्या चुऱ्यासारखं काहीतरी दिसलं.
एका देठातून आठ काड्या,
प्रत्येक काडीच्या टोकाला पुन्हा दहा-बारा.
कुणी छत्री उघडावी
आणि कापड लावायचं राहून जावं, तसं.

पान चुरडलं. बोटं नाकाशी नेली.
ओवा? नाही.
शेपू? थोडासा.
सांभार निवडून झाल्यावर
नखांत मागे राहतो, तो?
त्याच्या शेजारचा. पण तो नव्हे.

वहीत लिहिलं: गाजराच्या कुळातलं.
पुढे प्रश्नचिन्ह.

हेडाऊ मॅडमनी नमुना चष्म्यावरून पाहिला.
"फूल काय आणलंत?
या घराण्यात फुलं सगळ्यांची सारखीच.
बारशाचा फोटो दाखवून
हा भाऊ कोणता विचारल्यासारखं झालं.
फळ आणा. पिकलेलं.
कडा मोजू, मग बोलू."

थांबलो.
दिवाळी झाली. कळमन्याला संत्र्यांचे ट्रक लागले.
गेलो, तर उतार
न्हाव्याकडून आल्यासारखा.
सगुणा कुमरे भारे बांधत होती.

"इथं एक पांढरं फूल यायचं, मावशी.
त्याला काय म्हणता?"
विळा गवताला पुसत ती म्हणाली,
"त्याले? कायी नाई.
बकरी खात नाई, औषधाले लागत नाई,
कोनाच्या अध्यात ना मध्यात.
आमी त्याले कधी नाव नाई ठेवलं."

घरादाराला, पावसाला, जावयाला, भाजीतल्या मिठाला
नावं ठेवणारा मी
वही मिटून उभा.

मग लुगड्याच्या काठातून
तिनं दोन बारीक काहीतरी खुडली
आणि माझ्या तळहातावर ठेवली.
"घ्या. मले तं दिवसभर चिकटतेच."

तिळाहून लहान. खरखरीत.
दुभंगलेल्या केसाएवढ्या काडीला
एकाच फळाची दोन अर्धी,
एकमेकांपासून सुटलेली,
काडीपासून अजून नाही.
भिंगातून पाच कडा दिसल्या.
कडांवर बाकदार केस.

पुढचं मॅडम सोमवारी सांगतील.
एकच फळ उरलंय दाखवायला.
दुसरं फुटाळ्याच्या वळणावर
रुमाल काढताना पडलं.
खाली वाकून खूप शोधलं,
मागून हॉर्न वाजले.
आता कुणाच्या तरी पायमोज्याला धरून
ते धरमपेठेत पोचलं असेल,
किंवा नसेल.