एक सूत

साठ दात.
मिठाच्या पाण्यात, लोणच्याच्या रिकाम्या बरणीत,
प्रत्येकाच्या मुळाला दोऱ्याने बांधलेला आकडा.
कुणाचे, ते लिहून ठेवायचं नसतं.
काहींच्या मानेवर मिश्रीचा काळा पट्टा,
एकाचा माथा असा झिजलेला
की बाई रात्रभर कुणावर तरी दात खात असणार.

मी त्यांच्या मानेशी खड्डे कोरले.
वरची कड इनॅमलमध्ये, टणक, काचेसारखी;
खालची कड जिथे इनॅमल संपतं
आणि दात आतून ओलसर होतो, तिथे.
पंधरा सेकंद आम्ल. धुणं. टिपणं,
पण ठणठणीत कोरडं नाही,
मळलेल्या कणकेवर फडकं टाकतात तेवढी ओल राखून.
मग बॉन्ड, फुंकर, निळा दिवा.
तीन कंपन्यांचे बॉन्ड, वीस-वीस दात,
तिन्ही डब्यांवर दावा एकच.

यंत्र बंद होतं.
म्हणून चहाच्या गाळणीत दात घालून
पाच अंशांच्या बर्फात अर्धा मिनिट,
पंचावन्नच्या पाण्यात अर्धा मिनिट,
पाचशे वेळा, तीन दिवस.
लक्ष्मीपुरीतून बर्फ आणणारे धोंडीरामकाका म्हणाले,
"एवढा खटाटोप कशाला, मॅडम?
तांबडा वरपून वर गारेगार सोडा मारणारा गडी
बसवा की हितं. दोन पंगतीत काम."

महाद्वार रोडची वीस रुपयांची नेलपॉलिश,
दोन हात, कडेचा एक मिलिमीटर सोडून.
मग निळ्या पाण्यात चोवीस तास.

बाबा उद्यमनगरात पॅटर्न करायचे, सागवानी, चाळीस वर्षं.
विषय विचारणाऱ्या पाहुण्यांना मी
"दातांचंच काहीतरी" म्हणून टाळायचे.
बाबांना सांगितलं: दिवा पडला की भरलेलं आटतं,
आटलं की कड सोडतं,
सुटल्या फटीतून लाळ आत, लाळेमागून कीड.

त्यांनी वरच्या खिशातली पट्टी काढली.
"ह्या पट्टीतला फूट फुटापेक्षा मोठा हाय.
बिडाला एक सूत. वतलेलं आटतंच, पोरी,
आट धरूनच पॅटर्न करायचा."
"तोंडात नाही धरता येत, बाबा. खड्डा आहे तेवढाच."
"मग थोडं थोडं वत."

थोडं थोडंच ओतते. दोन-दोन मिलिमीटर.

"आन् गळतंय का, कसं बघता?"
मी रंगाचं सांगितलं. ते हसले.
पंपाच्या बॉडीत आतून रॉकेल,
बाहेरून खडूचं पाणी फासून रात्रभर ठेवायचं.
सकाळी पांढऱ्यावर ओला डाग दिसला
की माल परत भट्टीत.

दुसऱ्या दिवशी दात उभे चिरले.
भिंगाखाली वरच्या कडेला शून्य, शून्य, एक, शून्य.
खालच्या कडेला निळं सूत आत शिरलेलं,
कुठे अर्ध्यावर थबकलेलं,
सदतीस नंबरात थेट तळापर्यंत.
तिन्ही डबे, कमी-जास्त.
खाली कोरा कुणीच नाही राहिला.
म्हणजे राहिले, चार.
गाईड म्हणाले, तक्ता सुबक आलाय.

शुक्रवारी बाबा खुर्चीत.
खालची दाढ, हिरडीच्या अगदी लगत.
मी त्यातल्या त्यात कमी गळणारा डबा उघडला,
चार थरांत भरलं, कड घासली, दिवा बाजूला केला.
तोंडातला कापूस काढल्याबरोबर त्यांनी विचारलं,
"ते चार न गळलेले, त्यांचं काय केलंस?"
"चिरल्यावरच कळलं ना, बाबा."
"म्हंजे चांगला निघाला, तोबी गेला."
"हो."
"आमचं बरं होतं. खडू पुसला की पंप गिऱ्हाइकाला."

चूळ भरली, थुंकले.
मग सागाच्या कडेवरून अंगठा फिरवायचे
तशी जीभ फिरवत राहिले त्या दाढेवरून.
मी टॉवेल हातात घेऊन उभी.
"काय लागतंय का?"
त्यांनी बोट वर केलं, थांब म्हणून.
डोळे मिटलेले होते.