मठार

तांबट आळीत अण्णा हंडा मठारत होते,
मी टेपरेकॉर्डर कोळशाच्या पोत्यावर ठेवला.
अकरा ठोके. मधे एक खोकला.
तेवढीच फीत ब्लेडने कापली, टोकाला टोक चिकटवलं,
आणि डेकच्या बाहेर ओढून
सोड्याच्या बाटलीच्या मानेभोवती फिरवली.

खाली ड्रम मशीन, भद्रकालीच्या जुन्या बाजारातलं,
तीन बटणं मेलेली.
त्यात सातपूरच्या पॉवर प्रेसचा ठेका भरला,
जिच्यावर मी सेकंड शिफ्टला वॉशर पाडतो.
वर अण्णांचे अकरा,
पुन्हा, पुन्हा, पुन्हा.
अल्ताफ म्हणाला, खोकला काढ.
नाही काढला.

अण्णांना आता ऐकू येत नाही,
तांब्याने कान खाल्ले.
त्यांनी तळवा स्पीकरच्या जाळीवर ठेवला,
हंड्याच्या पोटावर ठेवतात तसा,
बराच वेळ.
मग म्हणाले,
भांडं फिरवत नाहीयेस तू.
अरे, एकाच जागी किती मारशील?
ठोका सरकला पाहिजे, नखभर तरी.
भोक पडेल.

मला हसू आलं. यात भांडं कुठंय?

पहाटे तीनला फीत फिरतच होती.
हेडवर तपकिरी भुकटी, बोटाला लागली.
सातवा ठोका पातळ झालेला,
नववा म्हणजे नुसती हवा.

मी मशीनची लय उतरवली,
नखभर.

प्रेस मागे राहू लागली, हातोडा पुढे,
आणि दोघांच्या मधे
काहीतरी गोल, जड, हळूहळू वळायला लागलं.
खोकला दर फेरीला
वेगळ्या जागी.